निर्मनुष्य काठ

तिला सगळं गाव पट्टीबाई म्हणत असे. म्हणून ती शाळेत पोरांच्या हातावर पट्टी मारणारी बाई होती अशी समजूत कुणी करून घेऊ नये. तलावाच्या पाण्यात एक उंच लोखंडी मोजपट्टी रोवलेली होती, पांढऱ्यावर काळे आकडे असलेली. दर सोमवारी सकाळी साडेसात वाजता त्या पट्टीचा फोटो काढायचा, हे हिचं सरकारी काम. सव्वीस वर्षं तिने ते केलं, आणि इतक्या निष्ठेने केलं की लोक तिचं खरं नाव विसरले. पगारपत्रकावर सही करताना ती स्वतःच एकदा अडखळली होती, असं तिचा नवरा सांगायचा. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नाही.

पाणीपुरवठा खात्यात ती कारकून म्हणून लागली तेव्हा पट्टी वाचायला वेगळा माणूस होता. गृहस्थ मोठा हुशार. घरबसल्या चहा पिता पिता आकडा ठरवायचा आणि वहीत टाकून द्यायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या वहीप्रमाणे तलाव दर आठवड्याला बरोबर दोन बोटं उतरत होता, आणि इकडे गावातल्या नळांतून पाण्याऐवजी हवा यायला लागली होती. मग वरून हुकूम आला की नुसता आकडा चालणार नाही, दर आठवड्याला फोटो हवा. खात्याचा कॅमेरा ज्या कपाटात पडून होता त्याची किल्ली हिच्याकडे होती. एवढ्या एका पात्रतेवर ते काम हिच्या गळ्यात पडलं.

तिने त्याआधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. पहिल्या तीन सोमवारी तिने स्वतःच्या अंगठ्याचे उत्तम फोटो काढले. पण गळ्यात पडलेलं काम माणसं कसंबसं उरकून टाकतात, तसं तिने केलं नाही. तिने ते मनावर घेतलं. काठावरच्या एका खडकावर पांढऱ्या रंगाने दोन पावलं काढून घेतली. पाय तिथेच ठेवायचे, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. पाटीवर खडूने तारीख लिहून ती कठड्याला टांगायची. मग श्वास रोखायचा आणि एकदाच बटण दाबायचं. दुसरा फोटो काढायची सोय नव्हती, कारण एका रिळात छत्तीस सोमवार बसवायचे असा खात्याचा नियम होता. पाऊस असला की छत्रीचा दांडा मान आणि खांदा यांच्यामध्ये धरून ती उभी राही. धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती नव्या साडीत पाटी घेऊन तलावावर गेली होती. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, तलावाला लग्नाची रजा नसते.

नवराही तिला शोभेसाच होता. एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्याने उभं आयुष्य काढलेलं. वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखन तपासल्याशिवाय तो पिशवी उचलत नसे. अशी दोन काटेकोर माणसं एका घरात आली की भांडणाला मोठा विषय लागत नाही, एखादा अनुस्वार पुरतो.

फोटो धुऊन आले की ती प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने पाण्याची पातळी लिहायची. तिथे थोडी जागा उरायची, आणि रिकामी जागा तिला बघवत नसे. मग ती लिहायची: ‘जलपर्णी आली.’ ‘बगळे अकरा.’ ‘पूर्वेच्या नाल्यापाशी फेस.’ ‘बगळे चार.’ तिच्या साहेबांनी एकदा तिला बोलावून सांगितलं की खात्याने पट्टी विचारली आहे, पक्षी विचारलेले नाहीत. ती हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून जरा फिक्या पेन्सिलीने लिहू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी वाचणारही नव्हतं. तरी एका तलावाचं दुखणंखुपणं ही बाई आठवड्याच्या आठवड्याला टिपून ठेवत होती. अशा माणसांना कुणी मानपत्र देत नाही. द्यायला हवं होतं.

पट्टीच्या मागे, पलीकडच्या काठावर, चादरवाल्यांची वस्ती होती. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी धुणारी माणसं. पत्र्याची, विटांची, काही नुसत्या फळ्यांची घरं, आणि घरांपुढे काठाने दोऱ्याच दोऱ्या. दवाखाना कधी बंद नसतो, त्यामुळे त्या दोऱ्याही बारा महिने भरलेल्या. सकाळच्या उन्हात चादरी इतक्या झगझगायच्या की पट्टीवरचे आकडे पुसट यायचे. सुरुवातीला पट्टीबाईने त्या चादरींच्या नावाने पुष्कळ बोटं मोडली. मग कॅमेऱ्यात प्रकाश एक घर कमी ठेवायचा, हे तिचं तिनेच शोधून काढलं.

तलाव तिथे चिंचोळा होता, मोठ्याने हाक मारली तर पलीकडे पोचावी इतका. त्या दोऱ्यांमध्ये एक उंच बाई गठ्ठे मोजत उभी असायची. ती वस्तीची मुकादमीण. एका सोमवारी तिने हात वर केला. पट्टीबाईच्या एका हातात कॅमेरा होता, म्हणून तिने पाटी वर केली. तिथून ते सुरूच झालं. हिने पाटी वर करायची, तिने हात. ओळख म्हणावी तर होती, म्हणू नये तर नव्हती. वर्षानुवर्षं दोघींमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही.

नोकरीला दहा-अकरा वर्षं झाल्यावर पट्टीबाईने स्वतःचा कॅमेरा घेतला आणि गावातल्या छायाचित्र मंडळात नाव घातलं. तिथे एक परीक्षक यायचे. त्यांच्या जाकिटाला इतके खिसे होते की एखाद्यात तरी काहीतरी असेल असं वाटायचं. त्यांनी हिची चित्रं बघितली आणि म्हणाले, नजर चांगली आहे, हात स्थिर आहे, पण फ्रेम स्वच्छ ठेवायला शिका. निसर्गात माणसं आली, कपडेबिपडे आले, की निसर्ग उरत नाही. पट्टीबाईने ते वाक्य हुकमासारखं पाळलं. हुकूम पाळायची तिला सवयच होती, आणि इतकी वर्षं त्या सवयीने तिचं भलंच केलं होतं.

ती रविवारी सकाळी तलावावर जाऊ लागली. अडचण एकच, चादरी. पाच रविवार ती नुसतीच परत आली. सहाव्या रविवारी बघते तो काय, दोऱ्या रिकाम्या. एकही चादर नाही. वर पाण्यावर पातळ धुकं. छपरं तेवढी धुक्यातून दिसत होती. मग ती खडकावरून उतरली, पाण्याच्या कडेला गेली आणि लव्हाळ्याच्या मागे खाली बसली. बसल्याबरोबर समोरचं गवत वर आलं आणि छपरं गेली. उरलं पाणी, धुकं, मागची टेकडी आणि एक बगळा. तिने बटण दाबलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “आज माझं नशीब उघडलं.”

चित्राला नाव काय द्यायचं यावर घरात दोन दिवस खल झाला. तिला ‘शांत सकाळ’ आवडलं होतं. नवरा म्हणाला, ती चहाची जाहिरात वाटते. त्याने विचार करून शब्द दिला: ‘निर्मनुष्य काठ’. कागदावर स्वतः लिहून दिला, रफार ‘म’वरच आहे ना हे दोनदा तपासलं. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. ते गावच्या दिनदर्शिकेवर छापलं गेलं, नगरपालिकेच्या सभागृहात लागलं, आणि एक प्रत घरी सोफ्याच्या वर. जन्मभर एका लोखंडी खांबाचे फोटो काढणाऱ्या बाईला एकदा टाळ्या मिळाल्या. रोज सकाळी धूळ पुसताना तिचा हात त्या चौकटीवर जरा जास्त रेंगाळायचा. त्यात वाईट काय आहे?

पुढे कॅमेरे बदलले, रिळं गेली, ती निवृत्त झाली. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी गावात तलावाचं सुशोभीकरण निघालं. हा शब्द असा आहे की तो कानावर पडला की ज्याच्या घराला रंग नाही त्याने आपली वळकटी बांधायला घ्यावी. काठाने फरसबंदी होणार, दिवे लागणार, बाग होणार, नावा सुटणार. चादरवाल्यांची वस्ती मात्र हलवायची होती. कागदोपत्री कारणं दोन: एक, ही वस्ती अलीकडची, दहा-बारा वर्षांतलं अतिक्रमण, दोन, ही माणसं तलाव नासवतात. वस्तीकडे जुना कागद एकही नव्हता. चादरी धुणाऱ्याला कोण कागद देतो? सुनावणीची तारीख लागली. त्या सुनावणीत वस्ती जुनी आहे असं ठरलं तर घरं राहणार, नाहीतर महिन्याभरात जमीनदोस्त.

सुनावणीच्या आठ दिवस आधी, दुपारी, पट्टीबाईच्या दाराशी एक उंच म्हातारी आली. चेहरा अनोळखी. पण घंटी वाजवायला तिने हात वर केला आणि जाळीच्या दाराआड उभ्या असलेल्या पट्टीबाईला ओळख पटली. तो हात तिने इतकी वर्षं बघितला होता.

मुकादमीण आत आली, सोफ्याच्या कडेला बसली. नवरा चहा टाकायला आत गेला. म्हातारीने पिशवीतून नोटिशीची प्रत काढली, आणि नोटिशीला जोडलेलं एक चित्र. सोफ्याच्या वर लटकत होतं तेच. खाली छापलं होतं की पाणीपुरवठा खात्याच्या अनुभवी छायाचित्रकार बाईंनी अठरा वर्षांपूर्वी काढलेल्या या चित्रात काठ रिकामा दिसतो, आणि त्यांनी स्वतःच त्याला ‘निर्मनुष्य’ म्हटलं आहे.

“हे तुम्ही काढलंत?” मुकादमिणीने विचारलं.

“हो.”

“चांगलं आलंय.” तिने चित्र मांडीवर नीट सरळ केलं. “एक विचारायचं होतं, ताई. त्या दिवशी आम्ही कुठे गेलो होतो?”

धुकं होतं, असं काहीतरी पट्टीबाई पुटपुटली. म्हातारीने ते ऐकून घेतलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

“ही तारीख मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आदल्या रात्री आमचे हे गेले. त्या दिवशी कुणी दोरीवर चादर टाकली नाही. दुपारी त्यांना नेईपर्यंत सगळे आमच्या दारात बसून होते. एरवी आमच्यातलं कुणी ना कुणी गठ्ठे घेऊन बाहेर असतं. सगळी वस्ती घरी असलेला असा तो एकच दिवस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं पट्टीबाईला वाटलं. म्हातारीने चहा घेतला, कप बशीत नीट ठेवला, आणि काही न मागता निघून गेली.

पट्टीबाईने सोफ्यावरच्या चौकटीकडे वर पाहिलं. पाच रविवार ती त्या दोऱ्या रिकाम्या व्हायची वाट बघत होती. त्या रिकाम्या झाल्या तेव्हा पलीकडे एका बाईचा संसार उघड्यावर पडला होता, आणि इकडे ही गवताआड बसून नशीब उघडलं म्हणत होती. तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज की चेहरा धुतला तरी जाईना.

नवऱ्याने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. त्याचा जीव बायकोत होता, आणि तिच्या नावाला बट्टा लागू नये एवढंच त्याला कळत होतं. म्हणाला, “अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझे सोमवारचे फोटो आहेत ना, ते दे. बक्षिसाच्या चित्राचं विचारलं तर धुकं होतं म्हण. त्यात खोटं काय आहे?”

“खोटं नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच भीती वाटते.”

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला की शब्द तर माझाच होता. ती म्हणाली, तुम्ही रफार बरोबर दिला होता, काठ मी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी ती खात्यात गेली. अभिलेखांच्या खोलीचा दप्तरी एकेकाळी तिच्या हाताखाली होता. जुने फोटो रद्दीत काढायचे असा ठराव दोन वर्षांपूर्वीच झाला होता, पण किती नग आहेत ते मोजून लिहायचा कंटाळा सगळ्यांनी केला, म्हणून ते वाचले. सरकारी आळसाने कधी कुणाचं भलं केलं असेल तर ते असं. तेराशे बावन्न सोमवार तिथे खोक्यांत पडून होते. तीन दिवस ती एका मोडक्या स्टुलावर बसून, नवऱ्याचं मुद्रितं तपासायचं भिंग डोळ्याला लावून, आपलं आयुष्य उलटं चाळत होती.

अगदी पहिल्या वर्षीच्या फोटोत पट्टीच्या मागे चौदा घरं होती. पुढच्या पावसाळ्यानंतर एकोणीस. अशी वाढत वाढत एक्केचाळीस. मग तिला हवा होता तो सोमवार सापडला, बक्षिसाच्या रविवारनंतरचा. पाय पांढऱ्या पावलांवर, पाटीवर तारीख, पट्टी सरळ, आणि मागे एक्केचाळीस छपरं. रविवारी काठ निर्मनुष्य आणि सोमवारी सकाळी साडेसातला पूर्ण वस्ती! एका रात्रीत घरं बांधणारे कारागीर असते तर नगरपालिकेने त्यांना हलवलं नसतं, कंत्राट दिलं असतं. तिने भिंग जवळ नेलं. एका दारासमोर ठिपके दिसत होते, ओळीने बसलेले. ती माणसं होती.

तिने फोटो उलटा केला. पेन्सिलीची अक्षरं तिचीच. पातळी. ‘बगळे नऊ. धुकं कमी.’ तिने दुसरा उलटला, तिसरा, शंभरावा. जलपर्णी होती, फेस होता, मेलेले मासे होते. माणसांबद्दल एक अक्षर नव्हतं. खात्याने पट्टीच विचारली होती, हे खरं. पण बगळे तरी खात्याने कुठे विचारले होते?

त्याच नोंदींत आणखी एक भानगड निघाली. पहिल्या आठ वर्षांत तिने बऱ्याच वेळा लिहिलं होतं: ‘साबणाचा फेस, पलीकडून.’ मग वस्तीने सांडपाण्याला खड्डे खणले आणि तो फेस थांबला. ‘पलीकडे खड्डे, फेस बंद,’ असं तेही लिहिलेलं होतं, कुणी खणले ते सोडून. त्यानंतर काळं पाणी येऊ लागलं ते पूर्वेच्या नाल्यातून, म्हणजे खुद्द गावाच्या गटारातून, आणि पुढची सगळी वर्षं तिथूनच. नवऱ्याने सुचवलं की पहिल्या आठ वर्षांचं बाजूला ठेव, उगाच त्या लोकांच्या अंगावर यायचं. पट्टीबाई म्हणाली, “एकदा चित्रातून काढून बघितलं. आता कुणालाच काढायचं नाही, चांगल्याला नाही आणि वाइटाला नाही.”

सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात तिने हे मुकादमिणीला सांगून टाकलं. म्हातारी म्हणाली, “फेस होताच. खड्डे खणले तेही लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“मग राहू द्या.”

सुनावणीची खोली लांबट होती. काच टाकलेलं टेबल, काचेखाली जुन्या रजांच्या याद्या, वर कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात लेखनिक. मधोमध एका घडवंचीवर ‘निर्मनुष्य काठ’ ठेवलेलं, दाराएवढं मोठं करून. सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते, घाईत होते. नगरपालिकेचे वकील मात्र तयारीने आले होते. पट्टीबाईने सोमवारचे फोटो पुढे केले तसे त्यांनी त्यांवरच्या खात्याच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. शिक्क्यात लिहिलं होतं: ‘फक्त पाणीपातळीपुरते प्रमाणित.’ म्हणाले, पट्टी ग्राह्य आहे साहेब, मागचा देखावा ग्राह्य नाही.

खोलीत कुणीतरी हसलं. पट्टीबाई हसली नाही.

“पट्टी आणि घर एकाच काचेतून आलंय, साहेब,” ती म्हणाली. “त्या सोमवारी साडेसातला पट्टी खरी असेल, तर घर खोटं कसं असेल? या फोटोंवर तुम्ही सव्वीस वर्षं गावाला पाणी वाटलंत.”

साहेबांनी फोटो हातात घेतले आणि घाई जरा बाजूला ठेवली. एकेक बघता बघता ते उलटून मागचंही वाचू लागले, आणि पूर्वेच्या नाल्यापाशी आल्यावर त्यांनी वकिलांकडे चष्म्यावरून पाहिलं. वकिलांनी मग आपलं शेवटचं पान टाकलं. हे फोटोही बाईंचे आणि ते चित्रही बाईंचंच. दोन्ही खरी कशी असतील? बाई कधी खऱ्या आणि कधी खोट्या होत्या, ते त्यांनीच सांगावं.

आता फक्त धुकं होतं एवढंच म्हणायचं होतं. मागच्या बाकावर नवरा बसला होता, त्याचे ओठ आपसूक त्या शब्दासारखे हलले. पट्टीबाई त्या मोठ्या चित्रापाशी गेली. इतकं मोठं तिने ते कधी बघितलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलायचं, चित्र सुरेखच होतं.

“धुकं होतं,” ती म्हणाली. “पण धुक्यात छपरं दिसत होती. मी गवतामागे खाली बसले, तेव्हा ती गेली. उभी राहिले असते तर दिसली असती.”

“का बसलात?” साहेबांनी विचारलं.

“बक्षिसासाठी. परीक्षक म्हणाले होते, माणसं आली की निसर्ग बिघडतो. मला ते पटलं होतं.” तिने चित्रातल्या काठाकडे बोट केलं. “दोऱ्या रिकाम्या होत्या, कारण त्यांच्याकडे माणूस गेलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी रिकाम्या झाल्यात.”

त्या बाईचं नाव ज्या एका गोष्टीमुळे गावात झालं होतं, ती गोष्ट तिने चारचौघांत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली होती. तेराशे बावन्न वेळा श्वास रोखायला जेवढं बळ लागतं, त्याहून जास्त बळ तिला ही चार वाक्यं बोलायला लागलं.

निकालाची उत्कंठा ताणण्यात अर्थ नाही. वस्ती जुनी ठरली, घरं राहिली, फरसबंदी दोऱ्यांच्या पलीकडून वळवली गेली आणि पूर्वेच्या नाल्याचं काम नगरपालिकेच्या डोक्यावर बसलं. मंडळाने बक्षीस परत मागितलं, तिने ते पोचतं केलं. पण हे सगळं पुढच्या चार महिन्यांतलं. त्या दिवशी खोलीत जे घडलं ते एवढंच नव्हतं.

साहेबांनी लेखनिकाला सांगितलं की बाईंचा जबाब लिहून घ्या, आणि चित्राच्या नावाचीही दुरुस्ती नोंदवा. ‘निर्मनुष्य’ हा शब्द चुकीचा असेल तर त्या जागी काय लिहायचं? सगळ्यांनी पट्टीबाईकडे पाहिलं. तिने मागे नवऱ्याकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली. त्याच्याकडे शब्द नव्हता.

“आकडा लिहा,” पट्टीबाई म्हणाली. “त्या सकाळी काठावर किती माणसं होती, तो.”

“किती होती?”

“मला माहीत नाही. मी कधी मोजली नाहीत. या सांगतील.”

मुकादमीण उठली. चादरी मोजण्यात जिचा जन्म गेला, तिला वही लागत नव्हती. टेकडीकडच्या पहिल्या घरापासून तिने सुरुवात केली. या घरात नवरा-बायको, तीन पोरं आणि बायकोची आंधळी आई. पुढच्यात दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मोठ्याची दोन पोरं, धाकट्याची अजून व्हायची होती. त्यापुढे एकटी राहणारी मावशी, तिच्या हातच्या चादरीला कधी सुरकुती नसे. एकेक घर, एकेक माणूस. लेखनिक लिहीत होता. जेवणाची सुट्टी झाली, शिपाई दारात येऊन उभा राहिला, साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. वकील घड्याळाकडे बघायचे थांबले. एक्केचाळिसावं घर तिचं स्वतःचं होतं. ते सांगून झाल्यावर लेखनिकाने सगळी बेरीज केली.

“एकशे त्र्याऐंशी,” तो म्हणाला.

मुकादमीण उभीच होती. तिने मनातल्या मनात पुन्हा ताळा घेतला.

“एक कमी करा,” ती म्हणाली. “आमचे हे धरले गेले त्यात. ते आदल्या रात्रीच गेले होते.”

लेखनिकाने आकड्यावर पेन टेकवलं.

“खोडू नका,” पट्टीबाई म्हणाली. “मी बटण दाबलं तेव्हा ते घरीच होते.”

लेखनिकाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, आणि कागदावर एकशे त्र्याऐंशीच राहिले.